समुद्र उघडायच्या आधी

२७ मार्च, ओकित्सुरा

मिसाओ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच केरात टाकलं नसशील, तर एवढं आधी वाच. मी ठणठणीत आहे, योशिहारूही ठणठणीत आहेत आणि कुणी मेलेलं नाही. अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाला पहिली शंका तीच येणार, म्हणून सांगून टाकलं.

मी फिरायला निघाले आहे. सत्तर वर्षांची बाई, एकटी, पाठीला पिशवी लावून. ह्यांनी गेल्या शरदात सायकलचं दुकान बंद केलं. तेव्हापासून आम्ही दोघंही दिवसभर घरात. मी खिडकीशी बसून उसासे टाकते, असं ह्यांचं म्हणणं. परवा वैतागून म्हणाले, "अगं, एक तर तिला पत्र लिही, नाहीतर सरळ उठून जा. पण हे उसासे आवर, मला बेसबॉलचा स्कोअर ऐकू येत नाही." मी म्हटलं, दोन्ही करते.

सकाळची गाडी धरली तर नागोयाहून वाताउराला, तुझ्याकडे, दुपारच्या जेवणाला पोचता येतं, हे मला माहीत आहे. मी पंधरा दिवस लावणार आहे. एकेक गाव करत, किनाऱ्याकिनाऱ्याने. कारण आडपडदा न ठेवता सांगायचं तर मला भीती वाटते. या वर्षी समुद्र उघडेल त्या दिवशी मला आपल्या खडकांवर तुझ्या शेजारी उभं राहून हिजिकीचं काळं शेवाळ कापायचं आहे. तू ये म्हणालीस तर येईन. तू नको म्हणालीस, किंवा काहीच म्हणाली नाहीस, तर आपल्या अलीकडच्या गावातून, कोजिमाझाकिहून, मुकाट परत फिरेन. तिथे मात्सुनो नावाच्या बाई घरगुती मुक्काम चालवतात. चार ते दहा एप्रिल मी त्यांच्याकडे आहे. पत्ता मागे लिहिला आहे.

ओकित्सुरा छान आहे. घरं इतकी खेटून की शेजारणीने चहा ओतला तर आवाज येतो. मी धक्क्यावर बसून भाताची वळी खायला काढली, तर एका घारीने ती माझ्या बोटांतून उचलली. नखही लागू दिलं नाही. बाजूला जाळं शिवत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बाहेरगावच्या दिसता. आमच्याकडे पाठ भिंतीला लावून जेवतात." मला इतकं लागलं! समुद्राकाठी जन्मलेली मी, आणि बाहेरगावची दिसते. पण घार काही खोटं बोलत नाही. मग दुसरी वळी भिंतीला पाठ लावून खाल्ली आणि ती जास्त गोड लागली.

ताई

३० मार्च, त्सुबाकिहामा

मिसाओ,

इथे येताना बसमध्ये मी एकटीच होते. ड्रायव्हरने प्रत्येक वळणावर मला एकटीला सांगितलं, "आता वळतोय, सांभाळा." शेवटी मी म्हटलं, "अहो, कळलं, वळतंय ते." तर म्हणाला, "आजी, नियम आहे, गाडी रिकामी असली तरी बोलावं लागतं."

गाव नावाप्रमाणे आहे. रस्त्यावर लाल त्सुबाकीच्या फुलांचा सडा, आणि फुलं देठापासून अख्खी पडतात ना, त्यामुळे कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखी दिसतात. मी पायवाटेने देवळापर्यंत चढले. वरून सगळी खाडी दिसते. मोत्यांच्या शेतीचे तराफे, त्यांच्यामधून जाणारी एकच होडी, आणि पलीकडे डोंगर एकामागे एक, शेवटचा अगदी फिका. मी तिथे तासभर बसले. गुडघे दुखत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मिसाओ, मी मजेत आहे. तुला राग येईल, पण आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी तोक्योची एक तरुण जोडी आहे. जेवताना त्या मुलीने मालकिणीला विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

मालकीण म्हणाली, "काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणून तर लोक येतात. बघण्यासारखं असतं तर गर्दी नसती झाली? तो मासा खा आधी, थंड होतोय."

जेवण किती वाढतात गं ही माणसं! कच्चा मासा, भाजलेला मासा, शिजवलेला मासा, त्याच्या डोक्याचं सार, आणि वर विचारतात, "कमी तर नाही ना पडलं?" एका वाटीत हिजिकी होती. गाजर, तळलेलं टोफू, थोडं सोयाबीन. मालकीण अभिमानाने म्हणाली, ही आमच्या खडकावरची. मी खाल्ली. चांगली होती. आईच्या हातची नव्हती.

तुला वाटत असेल, ही सगळं लिहिते, पण मुद्द्याचं लिहीत नाही. बरोबर आहे तुझं. आज नाही लिहीत. आज पोट भरलंय आणि अंघोळीचं गरम पाणी तयार आहे.

ताई

२ एप्रिल, त्सुबाकिहामा

मिसाओ,

दोन दिवस पाऊस. जोडी निघून गेली. मालकिणीने मला शेंगा सोलायला बसवलं आणि शेंगा सोलता सोलता मी ठरवलं की आज मुद्द्याचं लिहायचं.

आपल्या लहानपणी देवळाची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी समुद्र उघडायचा. मच्छीमार सोसायटीचं निशाण टेकडीवर चढेपर्यंत खडकावरच्या एका पानालाही कुणी हात लावायचा नाही, आणि चढलं की सगळं गाव एकदम विळे घेऊन पाण्यात. जत्रा आणि उघडणं, माझ्या डोक्यात ही एकच गोष्ट होती. अठराव्या वर्षी मी गाव सोडलं, तेव्हा ती तशीच बरोबर घेऊन गेले. नंतर शहरात गेलेल्या मुलांना येता यावं म्हणून तुम्ही जत्रा रविवारवर आणली. समुद्र मात्र भरती-ओहोटी बघूनच उघडत राहिला. हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

त्या वर्षी मी जत्रेला आले. सोमवारी सकाळी आठला तुम्ही दोघी उठायच्या आत, नाही, तुम्ही उठलेल्या होतात, मागे जाळी धूत होतात, तर तुमच्या नकळत मी आईचा विळा आणि टोपली घेऊन खडकावर गेले. म्हटलं, आज आईला आयती ताजी हिजिकी शिजवून घालू. कधी नव्हे ते. पाणी पुरतं ओसरलेलंही नव्हतं, गुडघ्याएवढं होतं. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. समुद्र उघडला असता तर गावातल्या साठ घरांची माणसं तिथे असती, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. उलट मी मनाशी म्हटलं, बघा, मी सगळ्यांत आधी आले.

उघडायला अजून चार दिवस होते.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. कुणीतरी आधीच कापलं म्हणून दुपारी सोसायटीत सभा भरली. मी दाराबाहेर चपला काढतच होते, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "मी कापली. तारीख विसरले. म्हातारपण, दुसरं काय." आई तारीख विसरली! जिला साऱ्या वर्षाची भरती-ओहोटी तोंडपाठ, जिला चेअरमन कॅलेंडर छापायच्या आधी विचारायला यायचे. मग इवाने चेअरमन म्हणाले, नियम तो नियम, या घराला वर्षभर पाण्यात उतरता येणार नाही.

मी आत जाऊन म्हणायला हवं होतं, ती नाही, मी. चार पावलं होती. मी चपला परत घातल्या. घरी येऊन पिशवी भरली आणि दोन चाळीसच्या बसने गेले. आईने वाटेत खायला भाताच्या वळ्या बांधून दिल्या. मी त्या घेतल्या.

आई तेव्हा एकोणऐंशीची होती. "एवढा एक उन्हाळा शंखशिंपल्यांसाठी बुड्या मारते, मग बास," असं ती त्या जत्रेत सगळ्यांना सांगत फिरत होती. तो उन्हाळा तिला मिळाला नाही. तुझंही वर्ष बुडालं. फेब्रुवारीत ती गेली. मी आले, पाहुण्यासारखी बसले, आणि तू मला एकच वाक्य बोललीस, "ताई, तुझी बस चुकेल." तिसऱ्या वर्षीच्या आणि सातव्या वर्षीच्या पूजेला मी ह्यांच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. ह्यांचे गुडघे उत्तम आहेत.

म्हणून मला यायचं आहे. तू परवानगी दिलीस तर आधी सोसायटीत उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की ते माझं काम होतं. आईच्या नावाला चिकटलेला तो विसरभोळेपणा पुसायचा आहे. नंतर तू हाकललंस तरी चालेल.

ताई

५ एप्रिल, कोजिमाझाकि

मिसाओ,

काल इथे आले. मात्सुनोबाई बाहत्तर वर्षांच्या आहेत, अजून बुड्या मारतात आणि तोंडाने फटकळ आहेत. मला दारात बघून पहिलं वाक्य, "एकट्याच? नवऱ्याला विकलं की काय?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक मिळालं नाही." तेव्हापासून आमचं जमलं.

इथला समुद्र गेल्या उधाणातच उघडला. त्यामुळे अंगणभर हिजिकी वाळत पडली आहे आणि मागे लोखंडी कढईत उकळते आहे. सगळ्या घराला तो वास. मला वाटलं होतं रडू येईल, पण भूक लागली. बाईंनी मला पाहुणी म्हणून बसू दिलं नाही. हातात विळा दिला आणि म्हणाल्या, "बुडाला चिकटलेले दगड काढा. फुकट वास कशाला घेताय?"

मी दोन मुठी साफ केल्या असतील. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. एकदम हसल्या.

"डावखुऱ्या का?"

"जन्मापासून."

"मग खडकावर कधी चोरी करू नका हो. लगेच सापडाल."

मी विचारलं, ते कसं. तर म्हणाल्या, "अहो, कापल्यावर खडकावर बुडखा राहतो ना. उजव्या हाताचा काप एकीकडे उतरतो, डाव्याचा दुसरीकडे. इतर वेळी कोण बघतंय? पण कुणी आधी जाऊन कापलं की आमची पहिली नजर बुडख्यावर. आमच्या गावात दोन डावखुरे आहेत, बिचारे स्वप्नातसुद्धा चोरी करत नाहीत."

माझ्या हातातला विळा खाली पडला. कुठे लागलं नाही, काळजी करू नकोस. पण बाईंनी कढईखालची लाकडं मागे ओढली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आता बोला." मी सगळं सांगितलं. तुझं नाव, आईचं नाव, दारातल्या चपला, सगळं.

त्यांनी चहा फुंकून एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या आईचं खोटं सगळ्या सभेला कळलं होतं तर."

"असं दिसतंय."

"आणि कुणी बोललं नाही."

"नाही."

"चांगलं गाव आहे. आमच्याकडे एखाद्याने तरी तोंड उघडलं असतं. बहुतेक मीच."

मिसाओ, मी अठरा वर्षांची होईपर्यंत तुझ्या बाजूला उभी राहून कापत आले, पण सगळं गाव एकदम कापत असताना बुडखे कोण बघतं? मला खरंच माहीत नव्हतं. त्या सकाळी चेअरमनबरोबर खडक बघायला तू गेली होतीस. गावात तेव्हा डावखुरं कुणीही नव्हतं. तुला बघताक्षणी कळलं असणार. चेअरमनना कळलं असणार. आई उभी राहून खोटं बोलली आणि तुम्ही सगळ्यांनी, साठ घरांनी, ते खरं मानून घेतलं. आणि मी अकरा वर्षं हे गुपित सांभाळत बसले! नागोयात, सायकलच्या दुकानाच्या मागे, काचेचं भांडं सांभाळावं तसं.

मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग पुन्हा लाज वाटली. बाई म्हणाल्या, "आता रडा किंवा डोकं धरून बसा, पण कढई थंड होतेय." मग मी उठले आणि दिवसभर हिजिकी ढवळली. हात काळे झाले आहेत. कागदावर डाग दिसतील.

पण मग एक प्रश्न उरतो. सगळ्यांना माहीत होतं, तर माझ्या कबुलीची कुणाला गरज नाही. चोरीचं तुला माहीत होतं, आईचं खोटं तूही पचवलंस. मग तू माझ्यावर चिडलीस ती नेमकी कशासाठी? मला जे वाटतं ते मी इथे लिहीत नाही. तू सांग. जे असेल ते सांग, मी ऐकून घेईन.

ताई

७ एप्रिल, कोजिमाझाकि

मिसाओ,

छोटंसंच लिहिते. या गावच्या टोकाला दीपस्तंभ आहे, तिथून आपली टेकडी दिसते. आज हवा स्वच्छ होती. मी तिथे डबा घेऊन गेले आणि पाठ भिंतीला लावून जेवले. आपलं घर दिसत नाही, पण निशाणाचा खांब दिसतो. अजून रिकामा आहे.

मात्सुनोबाईंच्या दिराने सांगितलं की वाताउराला यंदा अकरा तारीख ठरली आहे. मी दहाला संध्याकाळपर्यंत वाट बघते. पोस्टमन इथे अकराच्या सुमाराला येतो. काल त्याने मला लांबूनच हात हलवून सांगितलं, नाही म्हणून. आज जवळ येऊन सांगितलं. चांगला माणूस आहे.

काहीही झालं तरी हे पंधरा दिवस मला मिळाले याचा मला आनंद आहे. तुझ्यापर्यंत नाही पोचले तरी तुझ्या दिशेने चालत आले. ह्यांना फोन केला होता. म्हणाले, घर फार शांत आहे, स्कोअर स्वच्छ ऐकू येतो आणि करमत नाही.

ताई

८ एप्रिल, वाताउरा

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही टाकलं नाही. मला लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे, आणि सध्या दिवसभर विळ्यांना धार लावणं चाललंय. चार दिवस रोज लिहायला बसले आणि उठले.

हो, मला खडकावरच कळलं. चेअरमनना माझ्याआधी कळलं. ते बुडख्याकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कियोए आली आहे वाटतं." मी म्हटलं, "हो, जत्रेला." ते म्हणाले, "बरी आहे ना?" एवढंच. तू आत येऊन सांगितलं असतंस तर ते रागावले असते, बंदी घातली असती आणि मग तुला जेवायला बोलावलं असतं. आई आधी बोलली, कारण तुला सभेत उभं राहायची सवय नाही, तू घाबरशील, असं तिला वाटलं. विसरभोळी म्हणून तिला गावात कुणीही कधी चिडवलं नाही. तेव्हा ते पुसायचं वगैरे काही नाही. सोसायटीत उभी राहून भाषण करू नकोस. सगळ्यांची पंचाईत होईल.

त्या सोमवारची हिजिकी आईनेच शिजवली. तू गेल्यावर. दोन ताटं वाढली. म्हणाली, "काप चांगला आहे, हात विसरली नाही पोरगी." मी खाल्ली नाही. तिने दोन्ही ताटं संपवली.

आता तू विचारलंस ते. आईचा समुद्रातला उन्हाळा बुडाला म्हणून मी चिडले नाही. आईला कान दुखायचे, तिला सोडायचंच होतं, ती दर वर्षी हेच शेवटचं म्हणायची. माझंही वर्ष बुडालं ते मी कारखान्यात शिंपले फोडून काढलं. त्याचं काही नाही.

पाण्यात जायचं नाही म्हणून त्या उन्हाळ्यात आईला दिवसभर काम नव्हतं. रोज दुपारी ती थांब्यावर जाऊन बसायची. दोन चाळीसची बस जाते ना, तीच आधी अडीचला येते. ती येणारी बस बघायची. कुणी विचारलं तर म्हणायची, सावली चांगली आहे. तिथे सावली नाही. मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत बसली, मग तिला चालवेना. मी तुला फोन करते म्हटलं की म्हणायची, "नको, तिला ओशाळं वाटेल. ती आपली आपण येईल." तू सणाला मोठी पेटी पाठवलीस, केकची. स्वतः आली नाहीस. मी याच्यासाठी चिडले. अजून चिडलेली आहे. एका दिवसात जाणार नाही, आणि समोर आलीस की थोडं बोलेन, ते तू ऐकून घ्यायचंस. तसं तू लिहिलंच आहेस.

बाकी, तू त्सुबाकिहामाला तासभर बसून मजेत होतीस याचा मला राग आला नाही. आईला आवडलं असतं. तिने ती खाडी कधी पाहिली नाही, तिला इथून निघायला वेळच मिळाला नाही.

अकराला दहा वाजता निशाण चढेल. रबरी बूट आणू नकोस, घरात आहेत. मात्सुनोबाईंना सांग, आमच्या गावाला चांगलं म्हणाल्या म्हणून आभार, पण त्यांची हिजिकी आमच्यापेक्षा जाडी असते. हे पत्र मी मासळीच्या गाडीवाल्याकडे देते आहे, पोस्टाने वेळेत पोचणार नाही.

उघडायच्या आधी प्रत्येक घरातून कोण कोण उतरणार त्यांची नावं सोसायटीत द्यावी लागतात. बारा वर्षांपूर्वी आपल्या घराची दोन असायची, मग एकच राहिलं. आज जाऊन दोन लिहून आले. इवाने चेअरमन आता फार म्हातारे झालेत, त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "दुसरं कोण? पाहुणी असेल तर चालत नाही हं, नियम आहे."

मी म्हटलं, "पाहुणी नाही. घरातली आहे."

मिसाओ